नरडाण्याचा गोळा

आबांच्या उजव्या हातावर, कोपराच्या आतल्या बाजूला, एक काळसर वळ आहे. धावत्या इंजिनावरून येणारी वेताची रिंग वर्षानुवर्षं त्याच जागी आदळत राहिली, तिची ती खूण. आई म्हणायची, सोयरीक जुळवताना मुलगा रेल्वेत आहे एवढंच सांगितलं होतं, तो गाड्या झेलतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

आबा पॉइंट्समन होते आणि नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी नरडाण्याला काढली. शिंदखेडा तालुक्यातलं हे गाव. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-भुसावळ रेल्वे इथे एकमेकांना गाठतात. ट्रकवाल्यांना ते ढाब्यांमुळे माहीत, अलीकडे एमआयडीसीमुळे बाकीच्यांनाही. मला ते माहीत आहे एका पोलादी गोळ्यामुळे.

मी पुण्यात संगणकाचे प्रोग्रॅम दुरुस्त करते. त्यातही एकाच रोगाचे जास्त. एका प्रोग्रॅममध्ये अनेक कामं एकाच वेळी चालू असतात, आम्ही त्यांना थ्रेड म्हणतो. दोन थ्रेडनी एकाच माहितीला एकाच क्षणी हात घातला की हिशेब बिघडतो. तसं होऊ नये म्हणून त्या माहितीला कुलूप लावायचं, म्हणजे लॉक. कुलूप चुकीच्या जागी लागलं, उशिरा लागलं, लवकर निघालं किंवा निघालंच नाही, की आम्हाला बोलावणं येतं. हे कुठे शिकलीस असं कुणी विचारलं तर मी कॉलेजचं नाव सांगते. ते अर्धंच खरं आहे.

मी नऊएक वर्षांची असताना भादव्यातल्या एका रात्री गोळा हरवला. पाऊस होता. न थांबणारी मालगाडी स्टेशनातून गेली, इंजिनावरच्या सहायकानं रिंग टाकली ती जरा आधीच टाकली. ती फलाटाच्या उतारावर आपटली, चामड्याची थैली उघडली आणि आतला गोळा अंधारात कुठेतरी घरंगळत गेला. आबा, केबिनमन, स्टेशनातला आणखी एक माणूस आणि जेवणाचा डबा घेऊन आलेली मी, असे चार जण बॅटऱ्या घेऊन चिखलात शोधत होतो. मालगाडी केव्हाच पुढे निघून गेली होती. दुसरी गाडी सोडायला तोंडावर उभी होती. मी म्हटलं, आबा, गाडी तर आली ना, मग दुसरी सोडा की. आबा वाकलेले तसेच म्हणाले, “गोळा हातमा नही, ते गाडी नही.”

पहाटे गोळा नाल्याच्या काठाला सापडला. तोवर मास्तरांनी गाड्या कागदावर चालवल्या होत्या. पेपर लाइन क्लियर म्हणतात त्याला. दोन्ही स्टेशनांनी फोनवर बोलून एकमेकांना प्रायव्हेट नंबर द्यायचा, तो तिकिटावर लिहायचा, ते तिकीट ड्रायव्हरच्या हाती ठेवायचं. प्रायव्हेट नंबरांचा छापील कागद प्रत्येक मास्तरकडे वेगळा. वापरलेला नंबर लगेच खोडायचा, पुन्हा कधी वापरायचा नाही. जुना निरोप नवा म्हणून खपू नये यासाठी ही युक्ती. पुढे एका नामांकित कंपनीच्या नेटवर्कच्या कागदपत्रांत अगदी हीच युक्ती इंग्रजी नावानं भेटली तेव्हा मला मास्तरांचं टेबल आठवलं, त्यावरचा कंदील आणि काट मारलेल्या आकड्यांचा तो कागद.

ही लाईन मुळात खासगी. किलिक निक्सन या मुंबईच्या व्यापारी पेढीनं उभी केलेली तापी व्हॅली रेल्वे कंपनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरतेहून खानदेशात शिरली. गाड्या चालवायचं काम बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेकडे होतं. १९५१ साली पश्चिम रेल्वे झाली आणि ही लाईन तिच्याकडे आली. खानदेशचा कापूस सुरतेकडे न्यायचा, एवढ्यासाठी दुहेरी रूळ टाकायला कुठल्या भागधारकाची तयारी असणार? म्हणून एकेरी. दोन्ही दिशांच्या गाड्या त्याच दोन रुळांवर, आणि चुकामूक फक्त स्टेशनात. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, बेटावद, अमळनेर अशी ही माळ, आणि दोन मण्यांमधला दोरा एका वेळी एकाच गाडीचा.

ही अट साधी वाटते. ती पाळली जाते आहे हे दोन स्टेशनांतल्या दोन माणसांना एकाच वेळी कळणं मात्र साधं नाही. १८७४ च्या १० सप्टेंबरला इंग्लंडात नॉर्विचजवळ थॉर्प इथे त्याची किंमत २५ जणांनी मोजली. तिथेही एकेरी लाईन होती, आणि गाड्या तारेच्या निरोपांवर चालत. उलट बाजूची गाडी सोडा असा निरोप लिहिला गेला. त्यावर सही व्हायची होती, त्याआधीच तो तारेनं गेला. इकडे निरोप गेलाच नाही असं समजून दुसऱ्या माणसानं आपली गाडी सोडली. दोघांनी आपापल्या जागी तपासलं होतं. तपासणं आणि सोडणं यांच्या मधे जी फट राहिली, तिच्यात दोन इंजिनं समोरासमोर आली. आमच्या धंद्यात या फटीला रेस कंडिशन म्हणतात. शर्यत कसली, तर दोघांतला कोण आधी पोचतो याची. निकाल दर वेळी वेगळा, आणि नव्याण्णव वेळा बिनबोभाट.

चार वर्षांनी, १८७८ मध्ये, एडवर्ड टायर यांनी टॅब्लेट यंत्राचं पेटंट घेतलं. त्याच घराण्यातलं नीलचं बॉल टोकन आपल्याकडच्या एकेरी लाइनींवर रुळलं. मधल्या सेक्शनच्या दोन टोकांना दोन यंत्रं, तारेनं जोडलेली. हँडलला तीन जागा: लाइन क्लोज्ड, ट्रेन गोइंग टू, ट्रेन कमिंग फ्रॉम. दोन्ही यंत्रांच्या पोटात गोळे भरलेले. पण एक गोळा बाहेर पडला की दोन्ही यंत्रं मुकी. तो गोळा इकडच्या किंवा तिकडच्या यंत्रात परत पडल्याशिवाय दुसरा निघतच नाही. आणि पहिला काढायलाही एकट्याची मर्जी चालत नाही. समोरच्या मास्तरनं त्याच्या बाजूनं बटण दाबून धरलं तरच इकडे गोळा खाली येतो. म्हणजे कुलूप रुळावर नाही, दोन माणसांच्या संमतीत आहे, आणि त्या संमतीला पोलादाचं वजन दिलं आहे. शब्दाला चोरपाय असतात. गोळा एका वेळी एकाच हातात राहू शकतो.

एका बाजूला गोळे साठले की सिग्नल खात्याचा माणूस यायचा, मोजून, नोंद करून, ते दुसऱ्या टोकाला नेऊन घालायचा. लहानपणी मला हे काम सगळ्यांत मानाचं वाटायचं.

इतकं सगळं करूनही माणूस वाट काढतोच. वेल्समधल्या अ‍ॅबरम्यूल स्टेशनात २६ जानेवारी १९२१ रोजी यंत्रं ठणठणीत होती. येणाऱ्या गाडीनं आणलेलं टॅब्लेट हातातून हातात फिरलं आणि फिरत फिरत त्याच गाडीच्या ड्रायव्हरकडे पुढच्या सेक्शनचं म्हणून परत गेलं. त्यानं त्यावरचं नाव वाचलं नाही. सतरा माणसं गेली. कुलपाची किल्ली हातात होती, फक्त ती दुसऱ्याच दाराची होती. ही चूक मी प्रोग्रॅममध्ये इतक्या वेळा पाहिली आहे की अ‍ॅबरम्यूल हे नाव मी आमच्या टीममध्ये शिवीसारखं वापरते. लॉक घेतलेलं असतं, ओळ समोर दिसते, सगळे मान डोलावतात. आणि दोन थ्रेडनी दोन वेगळी लॉक घेतलेली असतात. आपल्याकडच्या गोळ्यांवर म्हणूनच सेक्शनचं नाव कोरलेलं असे, आणि घडणही अशी वेगवेगळी की शेजारच्या सेक्शनचा गोळा या यंत्रात बसू नये.

आता संगणकाकडे. समजा पावतीपुस्तकाचा शेवटचा नंबर ४१ आहे. खिडकीवरच्या एका कारकुनानं ४१ वाचला, एक मिळवला, ४२ लिहिला. दुसऱ्यानं त्याच्या वाचण्या-लिहिण्याच्या मधे ४१ च वाचला होता. त्यानंही ४२ लिहिला. दोन पावत्या, एक नंबर. कागदाच्या जमान्यात हे होत नसे, कारण पुस्तक एकच असे आणि ते एकाच कारकुनापुढे. रेल्वेचं आरक्षणही तसंच होतं. अमुक गाडीचं रजिस्टर अमुक खिडकीवर, रांग लावायची तर तिथेच. रजिस्टर हाच गोळा. १९८५-८६ मध्ये दिल्लीत सीएमसीनं उभारलेली इम्प्रेस ही संगणकीय आरक्षणपद्धत आली आणि कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं. लोकांना रांग तुटल्याचा आनंद. तुटलेली रांग संगणकाच्या आत कुणीतरी पुन्हा लावली होती, एकेका बर्थसाठी.

ती आतली रांग कशी लावायची हा प्रश्न साठच्या दशकात हॉलंडमध्ये सुटत होता. एकमेकांचं काहीही न ऐकणारी, आपापल्या वेगानं धावणारी दोन कामं फक्त वाचण्या-लिहिण्याच्या जोरावर एकमेकांना टाळू शकतात का? दोघांसाठीचं उत्तर डेकर या गणितज्ञानं काढलं. कितीही जणांसाठीचं उत्तर एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी सप्टेंबर १९६५ मध्ये जेमतेम एका पानात छापलं. त्याआधीच त्यांनी एक साधन घडवलं होतं. मोजणारा एक आकडा आणि त्यावर दोन क्रिया, पी आणि व्ही, डच शब्दांची आद्याक्षरं. पी केलं की आत जायची परवानगी मागायची, मिळेपर्यंत थांबायचं. व्ही केलं की जागा मोकळी करायची. या साधनाला नाव दिलं सेमाफोर. डचमध्ये ते सेनपाल म्हणत, म्हणजे रेल्वेचा सिग्नलचा खांब.

कॉलेजात हे नाव वाचलं तेव्हा मी वर्गात एकटीच हसले. नरडाण्याच्या टोकाला उभा असलेला, पाखा पाडणारा खांब मी रोज पाहिलेला. पण मला आजही वाटतं, डाइक्स्ट्रांनी नाव सिग्नलचं घेतलं आणि काम मात्र गोळ्याचं करून घेतलं. पाखा नुसता सांगतो. तो पडलेला असला तरी दुसऱ्या टोकाला काय चाललंय हे त्याला ठाऊक नसतं. गोळा ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे लाईन आहे, बाकीच्यांकडे नाही, यात सांगण्यासारखं काही उरतच नाही. आकडा एकच असेल तेव्हा सेमाफोर म्हणजे गोळा, आणि आकडा तीन असेल तेव्हा स्टेशनातल्या मोकळ्या लाइनी. दुसऱ्या अर्थानं खांबाचं नाव कदाचित शोभतही असेल. हा वाद घालायला डाइक्स्ट्रा आता नाहीत आणि आबांना त्यात रस नाही.

त्याच १९६५ च्या सुमारास डाइक्स्ट्रांनी परीक्षेत एक कोडं घातलं. ते पुढे पाच तत्त्वज्ञांच्या जेवणाचं कोडं म्हणून जगभर गेलं. गोल टेबल, पाच जण, दोघांच्या मधे एकेक काटा, आणि जेवायला दोन काटे लागतात. प्रत्येकानं डावीकडचा काटा उचलला की सगळे उपाशी. आमच्या लाइनीवरच्या अमळनेरला प्रताप शेटजींनी १९१६ साली काढलेलं तत्त्वज्ञानाचं केंद्र आहे, खरेखुरे तत्त्वज्ञ तिथे येऊन राहत. त्यांच्या जेवणाचे असे हाल झाल्याचं कधी ऐकलं नाही. मला हे कोडं कळलं ते आमच्या रेल्वे क्वार्टरच्या चाळीत. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मांडे करायचे तर खापर लागतं आणि पीठ मळायला मोठी परात लागते. चाळीत खापर एक, परात एक. एका सणाला शेजारच्या काकूंनी आधी खापर नेऊन ठेवलं, आईनं परात. दोघी दुपारपर्यंत दुसरीचं काम उरकायची वाट पाहत बसल्या. दोघींचा चेहरा मला आठवतो. पुढच्या सणापासून नियम झाला: आधी परात मागायची, ती मिळाली तरच खापराला हात लावायचा. डेडलॉकवर पुस्तकांत पानंच्या पानं आहेत. सगळ्यांनी एकाच क्रमानं कुलपं घ्यायची हा त्यातला निम्मा उपाय आहे, आणि तो आमच्या चाळीत परातीपासून सुरू होत होता.

पुण्यातल्या माझ्या पहिल्या बड्या दुखण्याला हाच उपाय लागला, पण फार उशिरा. एका लहान कंपनीत होते. कापूस खरेदीच्या पावत्यांचा प्रोग्रॅम आमच्याकडे होता. अनेक वजनकाटे, एक सर्व्हर. ऐन हंगामात, आठ-दहा दिवसांतून एकदा, दोन शेतकऱ्यांच्या पावत्यांवर एकच नंबर यायचा आणि एकाच्या वजनावर दुसऱ्याचं वजन चढायचं. ऑफिसात बसून शंभर वेळा चालवा, काही होत नसे. काय घडतंय ते पाहायला मी मधे मधे नोंदी छापणाऱ्या ओळी घातल्या, तर दोष गायबच झाला. छपाईनं गाडी जरा मंदावली होती, फट बुजली होती. वरिष्ठांनी सुचवलं, मग त्या ओळी तशाच राहू दे. मी राहू दिल्या. हे मी आज लाजेनं लिहिते आहे. पुढच्या महिन्यात सर्व्हर नवा, वेगवान आला आणि दोष दुप्पट जोरानं परतला.

मग मी पावती नंबरला लॉक लावलं. आठवडाभर शांतता. पुन्हा तेच. पावती दुरुस्त करायचा एक वेगळा रस्ता होता, कुणीतरी दोन वर्षांपूर्वी लिहिलेला, आणि तो माझ्या लॉकला न विचारता त्याच आकड्याला हात घालत होता. गोळ्याशिवाय सेक्शनमध्ये शिरणारी ट्रॉली. त्या रस्त्यालाही लॉक घातलं. आता नंबर चुकेनात, पण एका दुपारी सगळे काटे एकदम थांबले. बैलगाड्या, ट्रॅक्टर रांगेत, आणि पडद्यावर काहीच हलेना. खरेदीचा रस्ता आधी शेतकऱ्याच्या खात्याचं कुलूप घेई, मग साठ्याचं. दुरुस्तीचा रस्ता आधी साठ्याचं, मग खात्याचं. खापर आणि परात. क्रम एक केला.

आणि तरीही, महिन्यातून एकदा, दुहेरी पावती येतच राहिली. मी सगळ्या वाटा तपासल्या होत्या. लॉक तेच होतं, क्रम तोच, प्रत्येक रस्ता आत-बाहेर बरोबर. शिंदखेड्याला सुट्टीवर गेले तेव्हा आबांना सांगितलं. तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांना प्रोग्रॅम कळत नाही, पण कुणी नियम सांगितला की तो कुठे गळतोय हे ते ऐकत राहतात. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, “गोळा कव्हय परत टाकस तू?” काम झालं की, मी म्हटलं. “पण गाडी पुरी उनी का?”

हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून हजारदा ऐकला होता. रिंग हातात आली म्हणजे गाडी आली असं नसतं. इंजिन आलं एवढंच त्यातून कळतं. मधे कुठे कपलिंग तुटून चार वाघिणी मागे सेक्शनमध्ये राहिल्या असतील तर? म्हणून शेवटचा डबा समोरून जाईपर्यंत पाहत राहायचं. त्याच्या पाठीवर दिवसा एलव्हीची पाटी, रात्री लाल दिवा. ती दिसली, गाडी पूर्ण आली अशी खात्री झाली, तरच गोळा यंत्रात. आबा पाऊस असो, घरून निरोप आलेला असो, त्या मागच्या पाटीपर्यंत मान वळवत न्यायचे.

माझा प्रोग्रॅम लॉक घेत होता, नंबर वाढवत होता, लॉक सोडत होता; आणि डेटाबेसमध्ये ती नोंद पक्की त्यानंतर होत होती. क्षणाचाच फरक. त्या क्षणात दुसरा काटा आत आला तर त्याला जुनाच नंबर दिसायचा. माझ्या चार वाघिणी मागे राहत होत्या. लॉकची ओळ उचलून नोंद पक्की होण्याच्या बाहेर नेली. बदल दोन ओळींचा होता. त्यासाठी दीड हंगाम गेला.

अशा फटींची बिलं नेहमीच पावतीएवढी नसतात. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात थेराक-२५ या किरणोपचार यंत्रानं सहा रुग्णांना भलताच मोठा डोस दिला, काही जण त्यातून वाचले नाहीत. चालवणारी बाई सराईत होती, चुकलेली नोंद झटपट दुरुस्त करायची. तेवढ्या वेगात प्रोग्रॅमचे दोन भाग एकमेकांना चुकवायचे. आधीच्या मॉडेलमध्ये अशा वेळी वीज तोडणारे लोखंडी खटके होते. नव्यात ते काढून टाकले, प्रोग्रॅम सांभाळेल म्हणून. रेल्वेतल्या कुठल्याही माणसाला हे वाचून घाम फुटेल. इंटरलॉकिंग काढायचं आणि मास्तरच्या स्मरणशक्तीवर गाडी सोडायची? १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिका-कॅनडातले सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले, त्यातही एका नियंत्रण कक्षातली धोक्याची घंटा अशाच शर्यतीत अडकून मुकी झाली होती.

१९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरची गोष्ट मात्र मला आवडते, कारण ती एखाद्या कंट्रोलरनं सांगितल्यासारखी आहे. हवामानाच्या नोंदी करणारं बिनमहत्त्वाचं काम लॉक घेऊन बसलेलं. सगळ्यांत महत्त्वाचं काम त्याची वाट पाहत उभं. मधल्या दर्जाची कामं त्या बिचाऱ्या पहिल्याला पुढे सरकूच देईनात. यान पुन्हा पुन्हा स्वतःला बंद-चालू करू लागलं. उपाय पृथ्वीवरून धाडला: ज्याच्यासाठी मेल थांबली आहे, त्या मालगाडीला सेक्शन मोकळा करेपर्यंत मेलचाच मान द्या. नरडाण्याला हे रोज होत असे आणि कुणी त्यावर निबंध लिहीत नसे.

एकेरी लाइनीचं दुखणं वेगळं. कितीही इंजिनं आणा, दोरा एकच. लिनक्सनं १९९६ मध्ये एकाहून जास्त प्रोसेसर चालवायला सुरुवात केली तेव्हा आतल्या गाभ्याला एकच महाकुलूप होतं, बिग कर्नल लॉक. चार प्रोसेसर असले तरी गाभ्यात एका वेळी एकच. मग पंधरा वर्षं लोक ते तोडत बसले. इथे छोटं कुलूप, तिथे छोटं, प्रत्येकाबरोबर नवे डेडलॉक, ते शोधायला वेगळी साधनं. २०११ मध्ये २.६.३९ या आवृत्तीत महाकुलपाचा शेवटचा तुकडा निघाला. पायथननं आपलं असंच कुलूप ऐच्छिक करून पाहिलं ते २०२४ मध्ये, तेही प्रयोग म्हणून. बाहेरच्या माणसाला वाटतं, कुलूप काढायला इतकी वर्षं? आमच्या लाइनीचं पाहा. सुमारे ३०० किलोमीटरच्या उधना-जळगाव मार्गाचं दुहेरीकरण आणि विद्युतीकरण पूर्ण होऊन १६ फेब्रुवारी २०१९ ला धुळ्यात पंतप्रधानांनी ते राष्ट्राला अर्पण केलं. पहिली गाडी धावल्यापासून शंभराहून जास्त वर्षं.

वाटून घ्यायचंच नाही, हाही एक मार्ग आहे. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झालं, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. त्यात प्रत्येक प्रोसेसरची स्मृती ज्याची त्याची होती, सामाईक असं काही नव्हतं. लागेल ते निरोपानं मागायचं. कुलपांचा प्रश्नच मिटला असं वाटावं. मिटत नाही. निरोपांचीही वाट पाहावी लागते, आणि दोघं एकमेकांच्या निरोपाची वाट पाहत बसले की पुन्हा आखाजी. तरी मला ही घडण मनापासून पटते. ज्या घरात दोन खापरं आहेत तिथे भांडणं कमी.

अमळनेरला १९४५ साली वनस्पती तूप करणारी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स सुरू झाली. तीच पुढची विप्रो. आमच्या बॅचमधले कितीतरी जण तिथे लागले, बंगळूरला गेले, आज कुठे कुठे लॉक सोडवत बसले असतील. त्यांच्या कंपनीचे पहिले डबे याच एकेरी लाइनीवरून, कुणीतरी झेललेल्या गोळ्यावर पुढे गेले असणार, हे त्यांना सांगितलं की ते हसतात.

गेल्या दिवाळीत मी मुलाला घेऊन नरडाण्याला उतरले. आबा शिंदखेड्याहून रिक्षानं आले होते, आम्हाला घ्यायला म्हणून, पण खरं तर स्टेशन पाहायला. दोन लाइनी, वर तारा. रंगीत दिव्यांचे सिग्नल. सेक्शनमध्ये गाडी शिल्लक आहे का हे आता रुळालगतचे एक्सल काउंटर चाकं मोजून सांगतात. जितकी आत गेली तितकी बाहेर आली का, एवढं. धुळ्याकडून यायच्या नव्या लाइनीचं आबांनी मुलाला बोट करून दाखवलं, ती कुठून वळेल ते. मुलानं विचारलं, तुमचा गोळा कुठाय? आबा म्हणाले, तो सरकारचा होता बाळा, घरी न्यायचा नसतो.

तेवढ्यात जळगावच्या बाजूनं एक मालगाडी न थांबता गेली. दुसऱ्या लाइनीवरून सुरतेकडून पॅसेंजर येत होती. दोघी एकमेकींना ओलांडून गेल्या आणि कुणीही कुणासाठी थांबलं नाही. मुलगा इंजिनाकडे पाहत होता. आबांनी इंजिनाकडे पाहिलंच नाही. छत्तीस, सदतीस, अडतीस वाघिणी, त्यांची मान हळूहळू वळत गेली, शेवटच्या डब्यावरची पाटी समोर आली, लांब गेली. मग त्यांनी आमची बॅग उचलली.

“पुरी उनी,” ते म्हणाले. “चला.”